चारी बाजूंनी लोखंड

निवृत्त फौजींचे किस्से ठरलेले असतात. तेच वाळवंट, तोच कडक साहेब, तीच नाकारलेली रजा. घरच्यांना ते इतके पाठ होतात की आपण सुरुवात करायची आणि शेवट बायकोने स्वयंपाकघरातून सांगून टाकायचा. आमचंही तसंच होतं. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे नवे किस्से साचायला लागले, तेही घरी बसल्याबसल्या. कारण आम्ही रणगाड्यातली माणसं. आम्ही पेन्शन घेऊन गावी आलो, आणि आमच्या माघारी त्या नोकरीचं काय झालं ते आम्हाला मोबाइलवर बघावं लागलं.

आम्ही म्हणजे चौघं. पारोळ्याचे आबा आमच्यात सगळ्यात थोरले. एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्यात होते, पुढे रिसालदार होऊन निवृत्त झाले. जामनेरकडचे नाना आमच्या रेजिमेंटचे पहिल्या नंबरचे ड्रायव्हर. आता केळी आणि कपाशी करतात. धुळ्याचा भिका रणगाडे चालवायचा नाही, दुरुस्त करायचा. त्याचं आता वेल्डिंगचं दुकान आहे. आणि मी गनर, म्हणजे तोफ चालवणारा. जळगावात राहतो. महिन्यातून एकदा फौजी कॅन्टीनचं सामान घ्यायला सगळे जळगावला येतात. पिशव्या भरून झाल्या की समोरच्या टपरीवर चहा होतो, आणि चहाबरोबर हे सगळं निघतं.

हसण्यासारखं आहे म्हणून सांगतोय असं नाही. हसायला येतं कधीकधी, एवढंच.

*

पहिला व्हिडिओ नानांनी दाखवला. तिकडे युरोपात लढाई पेटली होती आणि गावातल्या ग्रुपवर रोज काही ना काही येत होतं. हा वरून घेतलेला होता. एक रणगाडा नांगरलेल्या शेतातून पळतोय, आणि ज्या ड्रोनमधून शूटिंग चाललंय तो त्याच्या मागे मागे चाललाय. त्यावर कुणीतरी वरातीत वाजतं तसलं गाणं लावलं होतं.

मी मोबाइलकडे कमी आणि नानांकडे जास्त बघत होतो. टपरीच्या बाकावर बसल्याबसल्या नाना तो रणगाडा चालवत होते. उजवा पाय दाबत होते. खांदा एकदा डावीकडे जायचा, एकदा उजवीकडे. तोंडातल्या तोंडात "घे, डावीकडं घे, डावीकडं" चाललं होतं. रणगाडा उजवीकडे वळला. पडदा पांढरा झाला. गाणं तसंच वाजत राहिलं.

नानांचा पाय अजून दाबलेलाच होता.

"डावीकडं नाला होता," ते म्हणाले. "नाल्यात घालायचा ना. वाचला असता तो."

आबांनी बशीतला चहा संपवला. "नाना," ते म्हणाले, "नालामा बी ते मांगे येतंच ना."

नानांनी तो व्हिडिओ आमच्यासमोर डिलीट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या साडूने त्यांना तोच परत पाठवला. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकून.

*

नानांचा मुलगा कैलास आज रणगाड्यावर ड्रायव्हर आहे, बापासारखाच. त्याचं लग्न जमलं त्या बैठकीला मी हजर होतो. मुलीचे वडील रावेरकडचे, मोठे केळीवाले, शांत माणूस. त्यांनी शेती विचारली नाही, पगार विचारला नाही. एकच विचारलं.

"पोरगा पायदळात तर नाई ना?"

"नाई हो," नाना म्हणाले. "रणगाड्यात आहे. चारी बाजूंनी लोखंड. हातभर जाड. आपल्या घराच्या भिंती नाईत तेवढ्या."

व्याह्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि साखरेचा पुडा पुढे केला. संगीता त्या लोखंडाच्या भरवशावर नानांची सून झाली.

पुढे काही वर्षांनी सीमेवर ताण वाढला. टीव्हीवर दिवसभर ड्रोन. कैलासचा फोन लागेना. त्या आठवड्यात कॅन्टीनचा दिवस होता आणि आम्ही टपरीवर बसलो होतो, तर समोरून व्याही येताना दिसले. रावेरहून एसटीने आले होते. नानांनी उठून त्यांना जागा दिली, चहा सांगितला. त्यांनी चहा घेतला नाही.

"नाना, तुमी बोलले होते चारी बाजूंनी लोखंड."

"हो. आहे ना."

"वरून?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी गनर, मी त्या टपाखालीच बसायचो. मी म्हणालो, "दादा, वरून पातळच असतं. जाड केलं तर वजनाने गाडी चालणार नाही. आणि वरून कोणी मारत नव्हतं तेव्हा. समोरून मारायचे. बाजूने मारायचे."

ते रस्त्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मला पाचवी बाजू कोनी सांगितलीच नाई."

आणि उठून परतीच्या एसटीला गेले. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी कैलासचा फोन आला. बरा होता. नानांनी पहिला फोन रावेरला केला. व्याह्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि विचारलं, "आता कुठं बसलाय तो? आत का बाहेर?" कुठलं उत्तर चांगलं तेच नानांना ठरवता येईना.

*

भिकाचं दुकान धुळ्याला आहे. गेट करतो, जिने करतो, माकडं येऊ नयेत म्हणून गच्च्यांना जाळ्या करतो. नव्या व्हिडिओंमध्ये रणगाड्यांच्या डोक्यावर लोखंडी पिंजरे दिसायला लागले. ड्रोन आला तर जाळीवर फुटावा, खाली पोचू नये म्हणून. ते बघून भिका खूप हसला होता.

"हाई ते मनंच काम शे," म्हणाला. "गच्चीनी जाळी. मी यासले स्वस्तात करी देसू."

पण भिकाने आयुष्यभर रणगाडे उघडून परत जोडले होते. घरी गेल्यावर त्याला झोप लागेना म्हणे. जाळी लावली तर ड्रायव्हर बाहेर कसा निघणार, गनर कसा निघणार, हे त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. एके दिवशी दुपारी त्याचा मला फोन आला. "धुळ्याला ये. जरा काम आहे. जुना शर्ट घालून ये."

गेलो. त्याने दुकानाच्या मागच्या आवारात एका जुन्या जीपचा सांगाडा घेऊन त्यावर पत्रा टाकला होता. पत्र्याला गोल भोक, बरोबर रणगाड्याच्या झाकणाएवढं. आणि वर चार खांबांवर त्याने स्वतः केलेली जाळी, व्हिडिओत असते तशी.

"आत बस," म्हणाला. "गाडीला आग लागलीय असं समज. नीघ."

मी आता साठीला आलोय, पोट सुटलंय हे मान्य. तरी मी भोकातून वर आलो. पण उभा राहिलो तसं डोकं जाळीला लागलं. आडवा होऊन सरकायला गेलो तर शर्ट अडकला, मग पँट अडकली. भिका बाहेरून माझा हात ओढत होता. माझा एक पाय आत, एक बाहेर. आम्ही दोघं धापा टाकतोय, आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक मागे आलं. नवीन बंगला बांधत होते ते. आमच्याकडे बघत राहिले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. जाळीला हात लावून, हलवून बघितली.

"मजबूत दिसते," म्हणाले. "यातून आत नाही ना येणार कोणी?"

भिकाने माझा हात सोडला आणि घाम पुसला.

"आत यायचं ते येतंच, साहेब," तो म्हणाला. "बाहेर कोणी निघत नाही."

गिऱ्हाइकाने जाळी दुसऱ्या दुकानात केली.

*

कैलास सुट्टीवर आला की आम्ही त्याला टपरीवर बोलावून घेतो. आताच्या ट्रेनिंगमध्ये काय काय असतं ते विचारतो. आमच्या वेळी एकच गोष्ट होती. वेग. साहेब वायरलेसवर ओरडायचे, पळवा. वाळवंटात धुरळा उडवत शंभर गाड्या एका रांगेत निघाल्या की जमीन हलायची आणि छाती भरून यायची.

कैलास म्हणाला, "काका, आम्हाला आता लपवायला शिकवतात. जाळ्या टाकायच्या, झाडाखाली घालायची, इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं. हलायचं नाही. हललं की दिसलं."

"एवढं मोठं धूड लपतं?" मी विचारलं.

"लपायला पाहिजे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

नाना त्याच्याकडे असं बघत होते, जसं एखाद्या पैलवानाने आपल्या मुलाला तालमीत पाठवावं आणि तिथे त्याला दाराआड उभं राहायला शिकवावं. पण ते बोलले ते वेगळंच. मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नीट शिक. मन लावून शिक."

*

कैलासची बायको संगीता ड्रोन उडवते. शेतीचा, फवारणीचा. केळी उंच वाढली की पाठीवरच्या पंपाने वरच्या पानांपर्यंत औषध जात नाही आणि करपा पसरतो. गावातल्या बचत गटाला ड्रोन मिळाला तेव्हा ट्रेनिंगला जायला बाया तयार होईनात. संगीता गेली. लायसन्स घेऊन आली. आता पंचक्रोशीत तिला बोलावणी असतात.

नाना तिच्याबरोबर जातात. बादलीत औषध कालवायचं आणि ड्रोनच्या टाकीत भरायचं, हे त्यांचं काम. ती टाकीला टाकी म्हणत नाही, ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं टँक म्हणते. बांधावरून आवाज देते, "नाना, टँक भरा."

हे नानांनी स्वतःच आम्हाला सांगितलं. "आयुष्यभर टँक चालवला," म्हणाले, "आता टँक भरतो."

आम्ही हसलो. नानाही हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पन पोरगी चालवते लई भारी. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा. तिला बघतो आणि मनात येतं, तिकडच्या बाजूला असंच कोनी हलक्या हाताचं बसलं असंल."

*

धुळ्याच्या एका कॉलेजने प्रजासत्ताक दिनाला आबांना भाषणाला बोलावलं. मी सोबत गेलो. आबांनी कोट इस्त्री करून घेतला होता, मेडल घासून लावली होती. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं होतं, 'पोलादी रणवीरांचे अनुभव'. हॉल भरलेला होता. भाषणानंतर मैदानावर ड्रोनचं प्रात्यक्षिक होतं, म्हणून भरलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

आबा सभेत बोलताना पुस्तकातलं मराठी बोलतात. सावकाश सुरुवात केली. वाळू, थंडी, पहाटेचं धुकं. मग त्यांच्या गाडीला गोळा लागला तिथे आले. त्यांच्या रणगाड्यात शंकर नावाचा लोडर होता, तोफेत गोळे भरणारा. मी आबांना इतकी वर्षं ओळखतो, त्यांच्या हाताखाली नोकरी केली, पण ही हकिगत त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. कुणालाच नव्हती. एवढंच माहीत होतं की शंकर गेला.

"मी बाहेर पडलो," आबा म्हणाले. "गाडीतून धूर येत होता. मी वळून बघितलं. शंकरचे दोन्ही हात बाहेर आलेले होते. मी त्याचा हात धरला आणि..."

तेवढ्यात एक सर वाकून आबांच्या कानाशी आले. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"सर, जरा आवरतं घ्या. ड्रोनची बॅटरी उतरतेय."

मुलं हसली. तशी ती वाईट मुलं नव्हती, कुणीही हसलं असतं. आबांनी माइककडे बघितलं, "जय हिंद" म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या जोरात पडल्या. मग आम्ही सगळे मैदानावर गेलो. ड्रोन वर गेला, गिरक्या घेतल्या, तिरंगी धूर सोडला. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

परत येताना एसटीत मी आबांच्या शेजारी बसलो होतो. पारोळ्याचा किल्ला दिसायला लागला, त्यांचं उतरायचं ठिकाण जवळ आलं, तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "आबा, पुढं काय झालं? शंकरचा हात धरला, मग?"

आबा खिडकीबाहेर बघत होते.

"बॅटरी उतरनी," ते म्हणाले.

*

हिवाळ्यात नानांच्या शेतात भरिताचा बेत असतो. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत कुटायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. त्या वर्षी कैलास सुट्टीवर होता. आम्ही तिघं होतो, आबांना खोकला होता म्हणून ते आले नव्हते. वांगी भाजत होती, वेळ होता. कैलास संगीताला म्हणाला, "तू घराच्या मागं जा. मी बागेत ट्रॅक्टर लपवतो. तू ड्रोननं शोध."

सगळ्यांना मजा वाटली. फवारणीच्या ड्रोनला पुढे कॅमेरा असतो, तिच्या हातातल्या रिमोटवर दिसतं. कैलासने ट्रॅक्टर केळीच्या ओळीत घातला, वर केळीची पानं तोडून टाकली. ड्रोन उडाला, बागेवरून एक फेरी मारली आणि ट्रॅक्टरवर जाऊन थांबला.

"कसं कळलं?" कैलासने विचारलं.

"चाकाच्या खुणा आहेत ना ओल्या मातीत," ती म्हणाली. "सरळ तुमच्यापर्यंत जातात."

दुसऱ्यांदा त्याने खुणा फांदीने पुसल्या, ट्रॅक्टर दुसरीकडे घातला. तिने तोही शोधला. "तोडलेली पानं उलटी पडलीयेत. पानाची पाठ पांढरट असते. वरून चकाकते."

तिसऱ्यांदा नाना उठले. आता ते खेळत नव्हते. त्यांनी स्वतः ट्रॅक्टर चालवत नेला, मागे काटेरी फांद्यांचा फेस बांधून, म्हणजे खुणा आपोआप पुसल्या जाव्यात. पानं एकेक करून सुलटी लावली. सावली कुठे पडते ते बघितलं. भिकाने चकाकणाऱ्या आरशांना चिखल फासला. मग सगळे परत येऊन जाळाशी बसलो, आणि ठरवल्याप्रमाणे बागेच्या त्या कोपऱ्याकडे कुणी मान वळवली नाही.

ड्रोन वर गेला. एक फेरी झाली, दोन झाल्या. बराच वेळ घोंगावत राहिला. कैलासच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. नाना त्याच्याकडे बघत होते. मग ड्रोन वळला आणि सरळ त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला.

संगीता रिमोट घेऊन घरामागून आली. कैलासने विचारलं, "आता कसं?"

"बागेत काही दिसलं नाही," ती म्हणाली. "मग तुमच्यावर आणला कॅमेरा. सगळे सगळीकडं बघत होते. त्या एका कोपऱ्याकडं कुणीच बघत नव्हतं."

कैलासने एक तुराटी जाळात सारली. मग हळू आवाजात, आम्हाला ऐकू जाऊ नये असं, पण आम्हाला ऐकू गेलं, म्हणाला, "एकदा तरी सापडला नाही म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिकडचा म्हणेल का?"

भरीत चांगलं झालं होतं. खाल्लं कुणी फारसं नाही.

*

आता शेवटचा.

एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, चौकात जुना रणगाडा आणून बसवायचं ठरलं. आला तो नेमका आबांच्या गाडीच्या जातीचा, एकाहत्तरला ते ज्यात बसले होते तसला. त्याच्या उद्घाटनाला आबांचा सत्कार ठेवला. रंगरंगोटीचं काम भिकाला मिळालं होतं. आत कुणी शिरू नये म्हणून सगळी झाकणं वेल्डिंग करून बंद करायची होती. भिकाने ती केली, पण टपावरचं कमांडरचं झाकण तेवढं मागे ठेवलं. म्हणाला, आबा एकदा बसतील, मग करू.

सकाळची वेळ होती. चौकात मांडव, बँड, शाळांची मुलं. पाहुणे यायचे होते. भिकाने शिडी लावली. आबांना आता घरातल्या पायऱ्याही एकेक करून चढाव्या लागतात, पण त्या शिडीवरून ते टपापर्यंत कुणाचा हात न धरता गेले. झाकण उघडलं, कडेवर दोन्ही तळहात टेकले, पाय आत सोडले आणि कमरेपर्यंत आत उतरून उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना खाली उभे होते, त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. मी रणगाड्याच्या बाजूच्या पट्टीवर चढलो होतो, आबांना काही लागलं तर जवळ असावं म्हणून. आबांचा चेहरा मला जवळून दिसत होता. मी भरती झालो तेव्हाही त्यांना इतकं तरुण बघितलं नव्हतं.

शूटिंगला ड्रोन सांगितलेला होता. त्याच्या पोटाखाली टोपली लावली होती, आबांवर वरून झेंडूच्या पाकळ्या पडाव्यात म्हणून. ही कल्पना कुणाची ते माहीत नाही, चांगल्या मनानेच केली असणार. ड्रोन मांडवामागून उठला, चौकावरून आला आणि आबांच्या बरोबर डोक्यावर थांबला.

आबांनी वर बघितलं.

ते घाबरले असं मी म्हणणार नाही. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा झाला. ते गुडघ्यात वाकले, आत गेले, आणि झाकण खाली आलं. आतून खिट्टी लागल्याचा आवाज मला ऐकू आला. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, परत टाळ्या पडल्या. पाकळ्या बंद झाकणावर पडल्या.

मग पाहुण्यांची गाडी आली. बँड सुरू झाला. शाल, श्रीफळ, हार घेऊन लोक शिडीखाली उभे. आबा बाहेर येईनात. भिका आधी हसत होता, मग त्याचं हसू गेलं आणि तो वर चढून आला. त्याने झाकणावर टकटक केली.

"आबा, बाहेर या. पाहुणे आले."

मी झाकणाला कान लावला. पत्रा उन्हाने तापला होता.

"आबा, मी आहे. ऐकू येतंय का?"

आतून आवाज आला. विहिरीतून यावा तसा, पण शांत होता. "पहिले ते वरलं खाले उतारा."

मी ड्रोनवाल्याला हात केला. त्याने घाईघाईने ड्रोन उतरवला, पंखे मिटले, पेटीत ठेवला. बँडवाल्यांनी बँड थांबवला. सगळा चौक आमच्याकडे बघत होता.

"उतरवला, आबा," मी म्हणालो. "पेटीत ठेवला. या आता."

आबांनी आतूनच विचारलं.

"दुसरं कोठे शे?"

"दुसरं नाही, आबा. एकच होतं."

मग आबा म्हणाले, "तुले कसं माहीत?"